लहान कुत्रा की मोठा? नोम गावातील एक जुना वाद

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेरिंग समुद्राच्या काठी नोम नावाचे एक छोटे गाव आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडेसे दक्षिणेला असलेल्या या गावासमोरचा समुद्र हिवाळ्यात गोठतो आणि बोटींची ये-जा कित्येक महिने बंद पडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर या काळात मालाची आणि माणसांची ने-आण करायचा मुख्य मार्ग एकच होता. तो म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्या. टपाल, औषधे, धान्य, खाणीतली यंत्रे आणि आजारी माणसेदेखील याच गाड्यांवरून जात. त्यामुळे आपल्याकडे एखाद्या गावात बैलजोडीवरून जसे वाद रंगत तसे नोममध्ये कुत्र्यांवरून रंगत. कुत्रा लहान चणीचा चांगला की थोराड? हा त्यातला एक वाद.

वरवर पाहता हा शौकिनांचा विषय वाटतो. पण या वादात भौतिकशास्त्र आहे, शरीरक्रियाशास्त्र आहे आणि अलीकडचे आनुवंशिकीशास्त्रही आहे. शिवाय इ.स. १९२५ मध्ये एका साथीच्या वेळी गावातील मुलांचे प्राण कुत्र्यांच्या पायांवर अवलंबून होते. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

सोन्यामागे आलेले कुत्रे

नोमजवळ १८९८ मध्ये सोने सापडले. पुढच्याच वर्षी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतही सोने मिळू लागले आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. १९०० च्या जनगणनेत नोमची वस्ती बारा हजारांवर गेली होती. एवढ्या माणसांना लागणारा माल ओढायला कुत्रे हवेत. स्थानिक लोकांकडे होते ते पुरेनात. त्याआधी दोनच वर्षे कॅनडातल्या क्लॉन्डाइक भागात सोन्यासाठी अशीच धावाधाव झाली होती, तेव्हापासून दक्षिणेकडून दांडगे कुत्रे उत्तरेला आणायचा व्यापार चालू होता. सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड आणि त्यांचे संकर यांना चांगली मागणी असे. जॅक लंडनची १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कादंबरी याच व्यापारावर आधारलेली आहे. तिचा नायक बक हा सेंट बर्नार्डचा संकर असून त्याचे वजन १४० पौंड, म्हणजे सुमारे ६४ कि.ग्रॅ. सांगितले आहे.

मोठा कुत्रा निवडण्यामागे सरळ हिशेब होता. ज्याचे अंग मोठे त्याचे बळ मोठे. जड माल सावकाश ओढून न्यायचा असेल तर हा हिशेब चुकीचा नव्हता. अलास्काचा स्वतःचा मालवाहू कुत्रा म्हणजे मॅलम्यूट. आजच्या मानकानुसार त्याच्या नराचे वजन ३८-३९ कि.ग्रॅ. असते. बर्फातून जड ओझे खेचण्यात त्याची ख्याती आहे.

‘सायबेरियन उंदीर’

हिवाळ्यात खाणीचे काम थंडावे आणि हातात वेळ असे. १९०७ मध्ये नोममधील हौशी मंडळींनी कुत्र्यांसाठी ‘नोम केनेल क्लब’ स्थापन केला आणि १९०८ पासून एक मोठी शर्यत सुरू केली. नोमहून कॅन्डल या गावी जायचे आणि परत यायचे. हे एकूण अंतर ४०८ मैल, म्हणजे सुमारे ६५६ कि.मी. होते. वाटेत डोंगर, गोठलेल्या नद्या आणि वादळी मैदाने.

१९०९ च्या शर्यतीसाठी विल्यम गूसाक नावाच्या रशियन व्यापाऱ्याने बेरिंग समुद्रापलीकडून, सायबेरियाच्या टोकाकडून काही कुत्रे आणले. ते तिथल्या चुकची लोकांच्या हातचे होते. ते बांध्याने हलके होते आणि त्यांचे वजन जेमतेम २०-२५ कि.ग्रॅ. होते. नोमकरांनी त्यांना नाव दिले ‘सायबेरियन उंदीर’. त्यांच्या विजयावर पैज लावायला फारसे कोणी तयार नव्हते. पण या उंदरांचा तिसरा क्रमांक आला.

ही गोष्ट फॉक्स मॉल रॅमसे या तरुण स्कॉटिश माणसाच्या नजरेतून सुटली नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याने जहाज भाड्याने घेतले, सायबेरियात जाऊन साठाहून अधिक कुत्रे विकत घेतले आणि नोमला आणले. १९१० च्या शर्यतीत त्याच्या कुत्र्यांची एक गाडी जॉन जॉन्सन याने हाकली. ७४ तास १४ मिनिटे ३७ सेकंदांत शर्यत संपवून तो पहिला आला. वाटेतल्या विश्रांतीचा वेळ धरूनही हा वेग ताशी जवळजवळ ९ कि.मी. पडतो. १९१७ मध्ये ही शर्यत बंद पडेपर्यंत हा उच्चांक कोणालाही मोडता आला नाही.

नॉर्वेहून सोन्याच्या शोधात आलेला लेओनहार्ड सेप्पाला हा या कथेतील पुढचा माणूस. १९१३ मध्ये त्याच्या मालकाने त्याच्याकडे सायबेरियन कुत्र्यांची काही पिल्ले आणि माद्या शिकवण्यासाठी सोपवल्या. रोआल्ड आमुंडसेन हा दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोचलेला संशोधक तेव्हा उत्तर ध्रुवाच्या मोहिमेची तयारी करत होता. हे कुत्रे त्याला द्यायचे होते. पण पुढे मोहीम रद्द झाली आणि कुत्रे सेप्पालाकडेच राहिले. १९१५, १९१६ आणि १९१७ अशी सलग तीन वर्षे त्याने याच कुत्र्यांच्या जोरावर नोमची शर्यत जिंकली.

मग लहान कुत्र्याने मोठ्या कुत्र्याला हरवले असे म्हणायचे का? घाई करू नये. १९०९, १९११ आणि १९१२ या तिन्ही वर्षी स्कॉटी ॲलन जिंकला, तो अलास्कातील मिश्र जातीच्या कुत्र्यांना घेऊन. शर्यतीत गाडीवानाचे कसब, कुत्र्यांना मिळालेले शिक्षण, खाणे आणि त्या दिवशीचे हवामान हे सारेच गुंतलेले असते. शर्यतींमधून एवढे मात्र नक्की दिसले की, लांब पल्ल्याच्या धावेत थोराड अंगाचा काही फायदा होत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर मात्र नोमपासून फार दूर आणि बरेच आधी मिळू लागले होते.

रुब्नरचे सात कुत्रे

आकार बदलला की केवळ माप बदलत नाही, गुणधर्मही बदलतात, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. त्यात त्याने कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. लहानसा कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर वाहू शकेल, पण घोड्याला आपल्याएवढा एक घोडासुद्धा पेलणार नाही, असे त्याचे म्हणणे. कारण उघड आहे. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर वजन आठपट होते. परंतु हाडांच्या आणि स्नायूंच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणजे बळ चौपट आणि ओझे आठपट. ‘मोठे अंग म्हणजे मोठे बळ’ हा नोममधील हिशेब इथेच लंगडा पडतो. बळ वाढते हे खरे, पण स्वतःचे वजन त्याहून झपाट्याने वाढते.

हेच गणित उष्णतेलाही लागू पडते. माक्स रुब्नर या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये सात कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत लहान कुत्रा सुमारे ३ कि.ग्रॅ. वजनाचा होता आणि सर्वांत मोठा सुमारे ३१ कि.ग्रॅ. वजनाचा. प्रत्येक कुत्र्याच्या शरीरात दिवसाला किती उष्णता निर्माण होते हे त्याने मोजले. मोठ्या कुत्र्यात दर कि.ग्रॅ. वजनामागे दिवसाला सुमारे ३६ किलोकॅलरी, तर सर्वांत लहान कुत्र्यात सुमारे ८८ किलोकॅलरी उष्णता निर्माण होत होती. वजनाच्या मानाने लहान कुत्र्याची भट्टी जवळजवळ अडीचपट तेजीने पेटलेली होती.

पण रुब्नरने हाच आकडा कातडीच्या क्षेत्रफळाने भागला तेव्हा चित्र पालटले. दर चौरस मीटरमागे उष्णता साधारण १०३० ते १२१० किलोकॅलरी आली. म्हणजे सातही कुत्र्यांत फारसा फरक उरला नाही. लहान प्राण्याच्या वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ जास्त असते, त्यामुळे उष्णता जास्त निसटते आणि ती भरून काढायला तितकी निर्माण करावी लागते, असा अर्थ त्याने लावला.

पुढे माक्स क्लायबर याने १९३२ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांची मापे एकत्र केली. विश्रांतीच्या वेळी लागणारी ऊर्जा पृष्ठफळाच्या म्हणजे वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात नसून पाऊण घाताच्या जवळपास बदलते, असे त्याला आढळले. नेमका घात कोणता आणि का, यावर अजून मतभेद आहेत. पण वजन वाढते त्या प्रमाणात ऊर्जेची गरज वाढत नाही, याबद्दल दुमत नाही.

हा नियम नोमला लावून पाहू. एक कुत्रा २२ कि.ग्रॅ. वजनाचा आणि दुसरा ४४ कि.ग्रॅ. वजनाचा घेतला, तर पाऊण घाताच्या नियमानुसार दुसऱ्याला पहिल्याच्या १.६८ पट खाणे लागेल, दुप्पट नव्हे. म्हणजे ४४ कि.ग्रॅ. वजनाचा एक कुत्रा पोसण्यापेक्षा २२ कि.ग्रॅ. वजनाचे दोन कुत्रे पोसायला सुमारे एकोणीस टक्के जास्त सुका मासा लागेल. खर्चाच्या दृष्टीने मोठाच कुत्रा स्वस्त! मग हलके कुत्रे घेऊन फायदा कुठे झाला?

बर्गमनचा नियम आणि एक शंका

इथे विज्ञानाच्या शिक्षकाला आणखी एक शंका येईल. कार्ल बर्गमन याने १८४७ मध्ये मांडलेला एक नियम आपण वाचलेला असतो. जवळच्या नात्यातल्या प्राण्यांत थंड प्रदेशातले प्राणी सहसा आकाराने मोठे असतात. अस्वलांचे उदाहरण नेहमी दिले जाते. आग्नेय आशियाच्या उष्ण जंगलातले सूर्य-अस्वल सर्वांत लहान, तर उत्तर ध्रुवाकडचे पांढरे अस्वल सर्वांत मोठे. मोठ्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने कमी असते, म्हणून उष्णता टिकून राहते. या न्यायाने नोमच्या उणे ४० अंश थंडीत मोठाच कुत्रा तगायला हवा.

बसलेला किंवा झोपलेला कुत्रा घेतला तर हे बरोबरच आहे. पण धावणाऱ्या कुत्र्याची अडचण नेमकी उलटी असते. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष कामात उतरतो, बाकीची उष्णता होते. तासन् तास गाडी ओढणाऱ्या कुत्र्याच्या शरीरात विश्रांतीच्या कितीतरी पट उष्णता निर्माण होत असते. ती बाहेर टाकायची कशी? माणसाप्रमाणे कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. त्याच्या अंगावर दाट लोकर असते. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. शिवाय उष्णता निर्माण होते ती स्नायूंच्या वस्तुमानात आणि बाहेर पडते ती पृष्ठभागातून. वजन दुप्पट झाले तर पृष्ठफळ सुमारे १.५९ पटच होते, म्हणजे दर कि.ग्रॅ. मागे पृष्ठफळ एक-पंचमांशाने घटते. त्यामुळे मोठा कुत्रा थंडीतही आतून तापतो. मग तो मंदावतो, थांबतो किंवा कोसळतो.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर स्वतः घसरगाड्यांच्या शर्यतीत उतरत असत. शर्यतीच्या कुत्र्याचे वजन साधारण २०-२५ कि.ग्रॅ.च्या आसपासच का असते, याचे स्पष्टीकरण त्यांनी याच उष्णतेच्या हिशेबाने दिले. फार मोठा कुत्रा धावताना तापतो. फार लहान कुत्र्याचा पल्ला आखूड पडतो, तो मऊ बर्फात रुततो आणि रात्री उघड्यावर झोपताना गारठतो. वरची मर्यादा धावण्याची आणि खालची मर्यादा झोपण्याची. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तिथे चुकची लोकांचा कुत्रा बसत होता.

चुकची लोकांनी हे गणित मांडले नव्हते. गोठलेल्या समुद्रावरून शिकारीला दूरवर जायचे, हलके ओझे आणायचे आणि वाटेत कुत्र्यांना थोडक्यात भागवायचे, या गरजेतून पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली. ही निवड किती जुनी असावी? सायबेरियाच्या उत्तरेला असलेल्या झोखोव बेटावर व्लादिमिर पितुल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची कुत्र्यांची हाडे आणि घसरगाड्यांचे अवशेष मिळाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कवट्यांच्या मापांवरून वजनांचा अंदाज केलेला आहे. बहुतेक कुत्र्यांची वजने १६ ते २५ कि.ग्रॅ. या दरम्यान येतात. १९०९ मध्ये ज्यांना हसून उंदीर म्हटले गेले, त्यांचा आकार हजारो वर्षे पारखून घेतलेला होता!

१९२५ ची परीक्षा

१९२५ पर्यंत नोमची वस्ती सुमारे दीड हजारावर आली होती. गावात कर्टिस वेल्च हे एकच डॉक्टर होते. जानेवारीत मुलांना घसा दुखून ताप येऊ लागला आणि काही दगावली. रोग घटसर्पाचा होता. बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये शोधलेले प्रतिविष हा त्यावरचा इलाज. परंतु वेल्च यांच्याकडचा थोडासा साठा मुदत उलटून गेलेला होता. आसपासच्या वस्त्यांमधील मूळ रहिवाशांचे आधी १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झात अतोनात बळी गेले होते. आता पुन्हा तशीच वेळ येणार, अशी धास्ती होती.

प्रतिविषाची तीन लाख एकके अँकरेज येथील रेल्वेच्या रुग्णालयात सापडली. बांधलेल्या पेटीचे वजन फक्त ९ कि.ग्रॅ. होते. त्या काळच्या उघड्या विमानांना तिथल्या हिवाळ्यात उडवणे धोक्याचे ठरले. म्हणून पेटी रेल्वेने नेनाना गावापर्यंत आणि तिथून पुढे १०८५ कि.मी. कुत्र्यांच्या गाड्यांनी न्यायचे ठरले. हेच अंतर टपालाच्या गाड्यांना एरवी सुमारे पंचवीस दिवस लागत असे.

वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्रे यांनी आळीपाळीने ही पेटी नेली. २७ जानेवारीच्या रात्री निघालेले औषध २ फेब्रुवारीच्या पहाटे, साडेपाचच्या सुमारास नोमला पोचले. १२७ तासांहून थोडा अधिक वेळ लागला. बहुतेकांच्या वाट्याला सरासरी ५० कि.मी. आले. सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा सेप्पालाचा होता. तो नोमहून उलट दिशेने सुमारे २७० कि.मी. गेला, वाटेत औषध ताब्यात घेतले आणि नॉर्टन उपसागराच्या गोठलेल्या पृष्ठावरून वादळात १४६ कि.मी. परत आणले. त्याच्या गाडीचा म्होरक्या होता टोगो. लहानपणी किरकोळ आणि आजारी म्हणून सेप्पालाने तो दुसऱ्याला देऊन टाकला होता. तिथून काच फोडून तो परत आला. पूर्ण वाढल्यावरही त्याचे वजन सुमारे २२ कि.ग्रॅ. होते आणि या धावेच्या वेळी तो बारा वर्षांचा होता.

शेवटचा टप्पा गुनार कासेन या गाडीवानाचा. त्याचा म्होरक्या बाल्टो हादेखील सेप्पालाच्याच कुत्र्यांपैकी एक. पण सेप्पाला त्याला माल ओढण्यापुरताच वापरीत असे. औषध घेऊन गावात शिरली ती बाल्टोची गाडी, त्यामुळे वर्तमानपत्रांनी बाल्टोला डोक्यावर घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. टोगोचे नाव बरीच वर्षे मागे पडले. वीस गाडीवानांपैकी अनेकजण अलास्काचे मूळ रहिवासी होते. त्यांची नावे तर आणखी मागे पडली. साथीतल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा पाच ते सात इतकाच आहे. मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमधील सर्व मृत्यू नोंदले गेले नाहीत, त्यामुळे खरा आकडा मोठा असावा असे मानले जाते.

या धावेमुळे लहान कुत्र्याची श्रेष्ठता सिद्ध झाली, असे वाक्य काही पुस्तकांत आढळते. ते तपासून घ्यायला हवे. त्या दीडशे कुत्र्यांमध्ये सर्व तऱ्हेचे मिश्र टपालकुत्रे होते आणि त्यांनीही आपापले टप्पे पार पाडले. ही धाव म्हणजे दोन जातींची तुलना करणारा प्रयोग नव्हता. तिच्यावरून एवढेच म्हणता येते की, हलके ओझे आणि लांबचे अंतर अशा कामाला हलक्या कुत्र्याची निवड सेप्पालाने केली आणि ती कसोटीला उतरली. ओझे ९ कि.ग्रॅ.ऐवजी खाणीतल्या यंत्राचे असते तर निवड निराळी झाली असती. विद्यार्थ्यांना पुरावा आणि प्रसिद्धी यांतला फरक समजावून देण्यासाठी हे उदाहरण फार उपयोगी आहे.

आकार ठरतो कुठे?

कुत्र्यांच्या जातींमध्ये आकाराचा जेवढा फरक दिसतो तेवढा जमिनीवरच्या दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्याच्या एकाच जीवजातीत दिसत नाही. दोन-तीन कि.ग्रॅ. वजनाचा चिवावा आणि ७० कि.ग्रॅ. वजनाचा सेंट बर्नार्ड हे दोघेही कुत्रेच. २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तीन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या तपासणीतून दाखवले की, ‘आयजीएफ-१’ या वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाचे एक रूप लहान जातींमध्ये जवळजवळ सर्वत्र आढळते आणि खूप मोठ्या जातींमध्ये क्वचितच. पुढे अशी आणखी जनुके सापडली. एकूण सुमारे वीस-पंचवीस जनुकांवरून कुत्र्याच्या आकाराचा बराचसा अंदाज येतो. माणसाच्या उंचीवर हजारो जनुकीय फरकांचा प्रभाव असतो, त्या मानाने हे अगदी थोडे. थोड्या पिढ्यांत निवड करून आकार झपाट्याने बदलता आला त्याचे हे एक कारण. लहान आकार देणारे हे रूप माणसाने कुत्रा पाळण्याआधीपासून लांडग्यांत होते, असेही २०२२ मध्ये दिसून आले. सायबेरियातील सुमारे चोपन्न हजार वर्षांपूर्वीच्या एका लांडग्याच्या अवशेषांत ते सापडले.

मोठ्या आकाराची किंमतही मोजावी लागते. निसर्गात सामान्यतः मोठ्या जातीचे प्राणी जास्त जगतात. उंदरापेक्षा हत्ती दीर्घायुषी असतो. कुत्र्यांमध्ये आपापसांत मात्र उलट आहे. ग्रेट डेनसारखे कुत्रे बहुधा आठ-दहा वर्षांत संपतात, तर लहान जातींचे अनेक कुत्रे बारा-चौदा वर्षे जगतात. २०१३ मध्ये ७४ जातींच्या नोंदी तपासलेल्या एका अभ्यासानुसार, दर दोन कि.ग्रॅ. वजनामागे अपेक्षित आयुष्य सुमारे एका महिन्याने घटते, आणि मोठ्या जातींचे कुत्रे म्हातारे होतात तेही झपाट्याने.

बाल्टोची कहाणीही इथे पुन्हा येते. पुतळा झाला खरा, पण थोड्याच काळात तो आणि त्याचे सोबती लॉस एंजेलिसमधील एका तमाशेवाल्याच्या हाती पडून हालात दिवस काढत होते. १९२७ मध्ये क्लीव्हलंड शहरातील लोकांनी वर्गणी जमवून त्यांना सोडवले. त्यात शाळकरी मुलांचे पैसेही होते. १९३३ मध्ये बाल्टो मेला तेव्हा त्याचे कातडे पेंढा भरून तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवले गेले. त्या कातडीच्या लहानशा तुकड्यातून त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकांवरून त्याची खांद्यापर्यंतची उंची ५५ सें.मी. निघाली. आणखी एक गोष्ट कळली. आजच्या सायबेरियन हस्कीपेक्षा बाल्टोच्या काळच्या कुत्र्यांत जनुकीय विविधता जास्त होती आणि घातक बदल कमी होते. १९३० मध्ये अमेरिकेत सायबेरियन हस्कीला जात म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर निवड होऊ लागली ती कामावरून कमी आणि नोंदवहीतल्या वंशावरून, रंगरूपावरून जास्त.

त्याच सायबेरियन हस्कीची हौस आता मुंबई-पुण्यापर्यंत पोचली आहे. निळे डोळे आणि लांडग्यासारखे रूप पाहून पिल्लू घेतले जाते. दाट लोकर घेऊन धावताना थंडीतसुद्धा तापणारे हे शरीर आपल्या एप्रिल-मे महिन्यांत काय भोगत असेल, याचा अंदाज वरील हिशेबावरून कोणालाही करता येईल. नोममध्ये मोठा कुत्रा निवडणाऱ्यांनी काम न पाहता अंग पाहिले होते. इथे हवा न पाहता रूप पाहिले जाते. कुत्रा घरी आणू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आकार ठरवण्याआधी आपल्या गावची हवा, घरातली जागा, रोजचे खाणे, त्याला फिरवायला मिळणारा वेळ आणि त्याचे आयुष्य या पाच गोष्टी कागदावर लिहून पाहाव्यात. गल्लीतला देशी कुत्रा या पाचही कसोट्यांवर सहसा चांगला उतरतो आणि त्याचा मध्यम बांधा इथल्या हवेनेच घडवलेला आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

पृष्ठफळाचा मुद्दा समजावयाला कुत्र्याची गरज नाही. मातीचे किंवा साबणाचे तीन घन करा. बाजू १, २ आणि ३ सें.मी. त्यांची पृष्ठफळे ६, २४ आणि ५४ चौ.सें.मी. भरतील आणि घनफळे १, ८ आणि २७ घ.सें.मी. पृष्ठफळाला घनफळाने भागले की ६, ३ आणि २ असे आकडे मिळतात. आकार वाढतो तसा हा भागाकार कमी होत जातो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच सांगू द्या.

नंतर सारख्या आकाराची, एकाच धातूची, पण एक लहान आणि एक मोठे अशी झाकणाची दोन भांडी घ्या. दोन्हींत सारख्याच तपमानाचे गरम पाणी काठोकाठ भरा. दर पाच मिनिटांनी तापमापकाने नोंद घ्या आणि आलेख काढा. लहान भांडे आधी निवेल. आता विद्यार्थ्यांना विचारा : दोन्ही भांड्यांत पाण्याच्या प्रमाणात सतत उष्णता निर्माण होत असती, तर जास्त कोणते तापले असते? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडेल त्याला ‘सायबेरियन उंदीर’ कसे जिंकले हे वेगळे सांगावे लागणार नाही. एवढे झाल्यावर शेवटचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. हाच नियम लागू असताना पांढरे अस्वल मोठे का आणि घसरगाडीचा कुत्रा लहान का? दोघांच्या दिवसभराच्या उद्योगात काय फरक आहे, याचा विचार त्यांनी वहीत लिहून आणावा.